बारा अंकांची संख्या आणि तिचा राखणदार

वाचकहो, घरातील कपाटाच्या ज्या खणात आपण शिधापत्रिका, मुलांच्या जन्माचे दाखले आणि बँकेची पुस्तके जपून ठेवता, त्याच खणात माणसागणिक एक आधारपत्र आज बहुतेक घरांत असते. त्यावरील छायाचित्र पाहून मंडळी हसतात, पत्ता वाचून कोणी जुन्या घराची आठवण काढतो. परंतु खाली ठळक छापलेल्या बारा अंकांकडे आपण फारसे निरखून पाहत नाही. कोणी मागितले म्हणजे ते उतरवून द्यावयाचे, एवढाच त्यांच्याशी आपला संबंध. आज त्या बारा अंकांपाशीच थोडे थांबावे, असे योजिले आहे.

प्रथम ही संख्या केवढी मोठी आहे ते पाहू. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त स्थानांची जी नावे दिली आहेत त्यांत कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व आणि निखर्व अशा पायऱ्या येतात. बारा अंकी संख्येचा पहिला अंक ह्या निखर्वाच्या स्थानी बसतो. आधार क्रमांक ० ने किंवा १ ने सुरू होत नाही. म्हणजे लहानात लहान क्रमांकही दोन निखर्वांच्या पलीकडचा असतो. दर सेकंदाला एक ह्याप्रमाणे अहोरात्र मोजत बसल्यास तेथवर पोहोचण्यास ६,३०० हून अधिक वर्षे लागतील. एवढी अवाढव्य संख्या खेड्यातील आजीबाईंपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत प्रत्येकाच्या नावावर एकेक करून मांडलेली आहे, ही गोष्ट नवलाची नव्हे काय?

संख्यांचे गुण म्हटले की मराठी वाचकास देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर गुरुजींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. शाळेत शिकविता शिकविता ह्या गृहस्थांनी ६१७४ ह्या संख्येचा गुण शोधून काढला. सर्व अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर हीच कृती करीत राहा; सात पायऱ्यांच्या आत आपण ६१७४ ला येऊन पोहोचता. तेथे ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४. हा गुण त्या संख्येच्या अंगी उपजतच आहे, कोणी तो तिला दिलेला नाही. आपल्या आधार क्रमांकाच्या अंगीही एक गुण आहे. तो मात्र जाणूनबुजून घातलेला आहे, आणि तो घालण्यामागे मनुष्यस्वभावाचा फार बारकाईने विचार झालेला आहे.

हा क्रमांक देणाऱ्या संस्थेचे मुख्यालय येथे दिल्लीतच, गोल मार्केटजवळच्या बंगला साहिब मार्गावर आहे. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण हे तिचे नाव. २८ जानेवारी २००९ रोजी तत्कालीन योजना आयोगाच्या अधिसूचनेने तिचा जन्म झाला. २०१६ मध्ये संसदेच्या कायद्याने तिला वैधानिक स्वरूप मिळाले. तिची एक माहितीशाळा राजधानीच्या परिसरात मानेसर येथे, तर दुसरी बेंगळूर येथे आहे. पहिला क्रमांक दिला गेला तो मात्र दिल्लीत नव्हे, तर आपल्या महाराष्ट्रात. नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात टेंभली नावाचे आदिवासी वस्तीचे गाव आहे. तेथे २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ह्यांच्या उपस्थितीत रंजना सोनवणे ह्या महिलेस देशातील पहिला आधार क्रमांक मिळाला. तेव्हापासून १३० कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले आहेत.

हा क्रमांक कसा असावा ह्याचा विचार त्याच वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, हेमंत कनकिया, श्रीकांत नाधमुनी आणि संजय सरमा ह्यांनी एका टिपणात मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की क्रमांकाने काही बोलू नये. त्यावरून माणसाचा प्रांत, जात, वय, गाव ह्यांपैकी काहीही कळू नये. तो सोडतीतल्या चिठ्ठीसारखा कसाही निघालेला असावा. आपल्या नेहमीच्या परिचयाच्या क्रमांकांहून ही गोष्ट अगदी निराळी आहे. टपालाचा पिनकोडच घ्या. संस्कृतचे व्यासंगी श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांनी आखलेली ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्यातला प्रत्येक अंक बोलका आहे. १ म्हटले की दिल्ली-पंजाबकडचा प्रदेश, ४ म्हटले की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. परंतु ह्या बोलक्या क्रमांकाला आपली चूक मात्र कळत नाही. पुण्याचा ४११००१ लिहिताना तिसरा अंक चुकून ४ पडला, की ते पत्र अहिल्यानगरचे झाले. पहिल्या दोन अंकांची अदलाबदल झाली, की १४१००१, म्हणजे थेट लुधियाना! पत्रावर गावाचे नाव असते आणि टपालखात्यातील माणसे हुशार असतात, म्हणून ते पत्र मार्गाला लागते. ज्या ठिकाणी नाव पाहणारा माणूसच नाही, यंत्र केवळ अंक पाहून पैसे पाठविते, तेथे काय व्हावे?

येथे प्रश्न केवळ गणिताच्या गमतीचा राहत नाही. १ जानेवारी २०१३ पासून सरकारी अनुदाने थेट लाभार्थींच्या खात्यात जमा करण्याची पद्धत सुरू झाली, आणि आधार क्रमांक हा त्या वाटेवरचा पत्ता झाला. विधवा स्त्रीचे निवृत्तिवेतन, मुलीची शिष्यवृत्ती, गॅसच्या टाकीवरील सवलत ही सारी त्या पत्त्यावर जातात. अर्ज भरून घेणाऱ्याच्या हातून बारांपैकी एक अंक चुकला आणि तो चुकलेला क्रमांक दुसऱ्याच कोणा माणसाचा निघाला, तर एकीचा घास दुसऱ्याच्या ताटात पडेल, आणि दोघांनाही त्याचा पत्ता लागणार नाही.

माणूस अंक लिहिताना कसकसा चुकतो, ह्याचा पद्धतशीर अभ्यास हॉलंडमध्ये याकोबस व्हेरहूफ नावाच्या गणितज्ञाने केला. तेथील टपालखात्याच्या व्यवहारांत झालेल्या प्रत्यक्ष चुका तपासून त्याने त्यांची वर्गवारी केली आणि १९६९ मध्ये आपल्या प्रबंधात प्रसिद्ध केली. सर्वांत मोठा वर्ग निघाला एकच अंक चुकण्याचा. त्याच्या खालोखाल शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल होण्याचा. उरलेल्या चुका, जसे जुळे अंक दोन्ही बदलणे किंवा एक अंक मध्ये सोडून अदलाबदल होणे, ह्यांचे प्रमाण पुष्कळच कमी.

अदलाबदलीची चूक डच माणसाकडून का व्हावी, हे मराठी माणसास समजावून सांगावे लागणार नाही. डच लोकही आपल्यासारखेच २५ ला आधी पाच आणि मग वीस म्हणतात. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा कानाला पाच आधी ऐकू येते आणि हाताने दोन आधी लिहावयाचे असते. कानडीत ‘इप्पत्तैदु’ म्हणताना वीस आधी येते, तेलुगू आणि तमिळमध्येही तसेच; त्यामुळे ऐकणे आणि लिहिणे ह्यांची दिशा तेथे एकच राहते. आपल्याकडे मुलाला दर दोन अंकांमागे मनातल्या मनात एक कोलांटी मारावी लागते. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीस ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले. त्यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. विधानसभेतही तो विषय निघाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर ह्यांनी तेव्हा शांतपणे सांगितलेली गोष्ट एवढीच होती, की जोडाक्षरांनी भरलेली ही उलटी नावे लहान मुलांना जड जातात. त्या वादात कोणाची बाजू खरी, हे येथे ठरवावयाचे नाही. (व्यक्तिशः मला ‘पंचवीस’ सोडवणार नाही.) परंतु ज्या भाषेत पंचावन्न आणि पंचाण्णव, सत्तावन्न आणि सत्त्याण्णव हे शब्द दूरध्वनीवरून ऐकू आले असता ओळखता ओळखता घोटाळा होतो, ज्या भाषेत ५९ ला ‘साठाला एक उणे’ म्हणून आधी साठ मनात आणून द्यावे लागते, त्या भाषेच्या बोलणाऱ्यांस अंकांवर पहारा हवा, ह्याबद्दल दुमत होऊ नये.

त्यातून दिल्लीसारख्या शहरातील मराठी घरांची गोष्ट आणखी निराळी. आई ‘एकोणसत्तर’ म्हणते, पहाडगंजच्या शाळेतून आलेल्या मुलाच्या कानाला ‘उनहत्तर’ची सवय, दोन्ही एकच, तरी मुलाची लेखणी क्षणभर अडखळतेच. लिपीचा घोळ वेगळाच आहे. आपला देवनागरी १ हा इंग्रजी ९ सारखा दिसतो, आणि आपला ४ हा इंग्रजी ८ चा सख्खा भाऊ शोभतो. ज्यांना रोज इंग्रजी मजकुरातील कोष्टके मराठीत उतरवावी लागतात, त्या आम्हा अनुवादकांना ही दुखणी पाठ आहेत. एकदा एका तक्त्यात इंग्रजी ९ पाहून माझ्या लेखणीने १ लिहिला. मुद्रितशोधकाने दोनदा वाचूनही तो सुटला, कारण १ हाही तेथे शोभण्याजोगाच अंक होता. चुकीचा शब्द डोळ्यांना खुपतो, चुकीचा अंक खुपत नाही. त्याची चूक सांगावयास दुसरा अंकच ठेवावा लागतो.

ही कल्पना जुनीच आहे. हिशेबनीस ताळा पाहतात ना, तसाच हा प्रकार. संख्येच्या शेवटी एक जादा अंक जोडावयाचा आणि तो बाकीच्या अंकांवरून ठरवावयाचा. त्यास आपण पडताळ्याचा अंक म्हणू. रेल्वेच्या मालडब्यावर जो अकरा अंकी क्रमांक रंगविलेला असतो त्यातला शेवटचा अंक अशाच पडताळ्याचा असतो. आधारच्या बारा अंकांपैकी सोडतीने निघालेले अंक अकराच. बारावा हा त्यांचा राखणदार.

आता हा राखणदार कसा निवडावा? साधी युक्ती अशी, की सर्व अंकांची बेरीज दहाच्या पाढ्यात येईल असा अंक शेवटी जोडावा. २५ असेल तर बेरीज ७, म्हणून ३ जोडून २५३. कोणी २५३ च्या जागी २६३ लिहिले, तर बेरीज ११ होईल आणि चूक उघडी पडेल. परंतु २५३ च्या जागी ५२३ लिहिले तर? बेरीज तीच! पंचवीसचे बावन्न झाले आणि राखणदार झोपलेला. आपल्या भाषेस जी चूक सर्वांत जवळची, तीच ह्या युक्तीच्या हातून निसटते.

मग स्थानागणिक अंकांस निरनिराळे वजन द्यावे. उदाहरणार्थ, एक सोडून एक अंकास ३ ने गुणावे आणि मग बेरीज करावी. पुस्तकांच्या पाठीवर २००७ पासून जो तेरा अंकी क्रमांक छापतात, त्याची रीत हीच आहे. आता २५ ची बेरीज २ अधिक १५, म्हणजे १७. आणि ५२ ची ५ अधिक ६, म्हणजे ११. चूक सापडली! परंतु घाई करू नका. २७ आणि ७२ घेऊन पाहा. पहिल्याची बेरीज २ अधिक २१, म्हणजे २३. दुसऱ्याची ७ अधिक ६, म्हणजे १३. दोहोंच्या एकं स्थानी ३ च. पुन्हा राखणदार फसला. असे १६ आणि ६१, ३८ आणि ८३ ह्यांच्या बाबतीतही होते; ज्या दोन अंकांत पाचाचे अंतर आहे, त्यांची अदलाबदल ह्या रीतीस कधीच दिसत नाही.

वजने बदलून पाहावी, असे आपल्या मनात येईल. येथेच खरी मेख आहे. वजन सम घेतले, समजा २ घेतले, तर ० आणि ५ ह्यांत भेद राहत नाही, कारण पाच दुणे दहा आणि दहाचा एकं स्थानचा अंक शून्य. म्हणजे एका अंकाची साधी चूकही निसटणार. ५ हे वजन घेतले, तर सारे सम अंक सारखेच ठरतात. राहता राहिली १, ३, ७ आणि ९ ही चारच वजने. पण हे चारही विषम अंक! त्यांपैकी कोणत्याही दोहोंमधील अंतर सम येणार, आणि त्यास पाचाच्या अंतराने गुणले की दहाचा पाढा आलाच. एक भोक बुजवावे तर दुसरे उघडते. दहा ह्या संख्येला २ आणि ५ हे विभाजक आहेत, हे ह्या साऱ्याचे मूळ. अकरा अविभाज्य आहे, म्हणून अकराच्या हिशेबाने ही अडचण मुळीच येत नाही. परंतु मग पडताळ्याचा अंक कधी कधी ‘दहा’ असा निघतो आणि त्यासाठी अकरावे चिन्ह लागते. जुन्या पुस्तकांच्या क्रमांकात शेवटी अधूनमधून रोमन दहाचे चिन्ह दिसे, ते ह्याच कारणाने. बँकेच्या कार्डावरील क्रमांकासाठी हान्स पेटर लून ह्याने शोधलेली रीत वापरतात. ती पुष्कळ चांगली आहे, तरी तिलाही ०९ आणि ९० ह्यांतील फरक कळत नाही. शून्यापासून नवापर्यंतचे दहाच अंक वापरून दोन्ही प्रकारच्या चुका हमखास पकडणारी रीत असणे शक्य नाही, असाच समज त्या काळी होता.

व्हेरहूफने वजने सोडली आणि बेरीजच बदलली. हे वाचून दचकू नये. घरातील मुलांना हाताशी धरून जाड पुठ्ठ्याचा एक सुसम पंचकोन कापा, म्हणजे गोष्ट डोळ्यांना दिसेल. पंचकोन कागदावर ठेवून त्याच्या कडेने रेघ ओढा. आता तो उचलून त्याच आखणीत पुन्हा किती प्रकारांनी बसविता येईल? जसाच्या तसा, किंवा एक, दोन, तीन, चार कोपरे फिरवून, असे पाच प्रकार झाले. मग पुठ्ठा पालथा करून आणखी पाच. एकूण बरोबर दहा! फिरविण्याच्या पाच प्रकारांना ० ते ४ आणि पालथे करण्याच्या पाच प्रकारांना ५ ते ९ अशी नावे दिली, की प्रत्येक अंक ही एक कृती झाली. दोन अंकांचा मेळ घालणे म्हणजे एकापाठोपाठ एक अशा त्या दोन कृती करणे. हीच व्हेरहूफची नवी बेरीज.

ह्या बेरजेचा विशेष असा, की तीत क्रमाला महत्त्व आहे. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी खुणा करून ठेवा. आधी एक कोपरा फिरवून मग पालथा करा. आणि दुसऱ्या वेळी आधी पालथा करून मग त्याच दिशेने एक कोपरा फिरवा. खुणा निराळ्या जागी पडतील. व्हेरहूफच्या कोष्टकात १ आणि ५ ह्यांचा मेळ ६ येतो, तर ५ आणि १ ह्यांचा ९. आपल्या नेहमीच्या बेरजेला ‘आधी’ आणि ‘नंतर’ ह्यांतला भेद माहीत नाही, म्हणून तिला अदलाबदल दिसत नव्हती. ह्या बेरजेला तो भेद जात्याच ठाऊक आहे. तथापि नुसते फिरविणे आणि फिरविणे असेल, तर तेथे क्रमाने काही बिघडत नाही. आधी एक मग दोन कोपरे, किंवा आधी दोन मग एक, उत्तर तीनच. ही फट बुजविण्यासाठी त्याने स्थानागणिक अंकांना सोंगे दिली. पडताळ्याच्या अंकाला सोंग नाही. त्याच्या डावीकडील अंकाला एकदा सोंग द्यावयाचे, त्याच्या डावीकडील अंकाला दोनदा, अशी चढती भाजणी. सोंगाचा नियम असा: ० चा १, १ चा ५, २ चा ७, ३ चा ६, ४ चा २, ५ चा ८, ६ चा ३, ७ चा ०, ८ चा ९ आणि ९ चा ४. आठ वेळा सोंग बदलले, की प्रत्येक अंक आपल्या मूळ रूपावर येतो.

आपले २५ आणि ५२ ह्या राखणदारापुढे उभे करू. २५ मधील ५ ला एक सोंग, तो झाला ८. २ ला दोन सोंगे, तो प्रथम ७ आणि मग ० झाला. ८ आणि ० ह्यांचा मेळ ८, कारण ० म्हणजे जागचे न हलणे. आता शेवटचा अंक असा हवा, की पंचकोन मूळ जागी यावा. ८ ही पालथे करण्याची कृती आहे. तीच पुन्हा केली की पुठ्ठा पूर्ववत. म्हणून पडताळ्याचा अंक ८, आणि संख्या झाली २५८. उलट ५२ मधील २ चे सोंग ७. ५ ची दोन सोंगे ८ आणि मग ९. ७ आणि ९ ही दोन्ही पालथे करणे आहे. दोनदा पालथे केले की पुठ्ठा उताणा येतो, फक्त फिरलेला असतो, आणि ह्या ठिकाणी त्याचा मेळ ३ येतो. तीन कोपरे फिरलेला पंचकोन आणखी दोन कोपरे फिरविला की फेरा पुरा होतो. म्हणून पडताळ्याचा अंक २, आणि संख्या ५२२. आता कोणी ऐकताना घोटाळा करून २५८ च्या जागी ५२८ लिहिले, तर यंत्र ते तत्काळ नाकारील. कोणतेही दोन भिन्न अंक घ्या, बारांपैकी कोणत्याही शेजारच्या स्थानी घ्या, उत्तर हेच. एक अंक चुकला तरीही हेच. बाकीच्या दुर्मीळ चुकांपैकी बहुतेकही ह्या रीतीत पकडल्या जातात. व्हेरहूफने पुढे गणिती आकृत्यांची सुंदर शिल्पेही घडविली. अंकांच्या प्रश्नाला पंचकोनाचे उत्तर ज्याला सुचते, त्याचा हात शिल्पाकडे वळावा, ह्यात आश्चर्य ते कसले!

ह्याचा परिणाम काय झाला, तो आता आपल्या कपाटातील आधारपत्रांवर पाहा. देशातील कोणत्याही दोन माणसांचे आधार क्रमांक घ्या, ते निदान दोन स्थानी निराळे असतातच. केवळ एका अंकाने भिन्न असे दोन क्रमांक दिलेलेच नाहीत आणि देताही येणार नाहीत. तसेच शेजारच्या दोन अंकांच्या अदलाबदलीने एकाचा क्रमांक दुसऱ्याचा होऊ शकत नाही. ज्या चुका माणसाच्या हातून सर्वांत अधिक होतात, त्या चुकांच्या वाटेने एका घराचा पैसा दुसऱ्या घरी जाण्याचा मार्गच बंद केलेला आहे. ही तपासणी मानेसरला किंवा बेंगळूरला विचारण्याच्याही आधी, अर्ज भरणाऱ्याच्या समोरील यंत्रातच, जाळे जोडलेले नसले तरी, होऊ शकते.

मोजणीतही मौज आहे. पहिला अंक २ ते ९ असा आठ प्रकारांनी, पुढचे दहा अंक प्रत्येकी दहा प्रकारांनी, आणि शेवटचा अंक आपोआप ठरलेला; असे एकूण ८,००० कोटी वैध क्रमांक होऊ शकतात. देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या घरात धरली, तर दर माणशी सुमारे ५७ क्रमांक पडतील. तेव्हा हे भांडार संपण्याची धास्ती बाळगावयास नको. शिवाय ते विरळ असल्यामुळे अंदाजाने रचलेला क्रमांक खरोखर कोणाला दिलेला असण्याचा संभव थोडा राहतो.

पण ह्या राखणदाराकडून भलतीच अपेक्षा करू नये. कोणी बारा अंक मनाने रचले, तर दहांतून एक वेळ तो त्यांना ‘बरोबर’ म्हणेल. त्याला फक्त अंकांची संगती कळते, माणूस कळत नाही. असा क्रमांक कोणास दिलेला आहे की नाही, हे प्राधिकरणाच्या नोंदीवरूनच ठरते. सासूच्या अर्जावर सुनेचा क्रमांक अगदी शुद्ध लिहिला गेला, तर त्या शुद्धतेतच चूक दडून राहते आणि पंचकोन कितीही फिरविला तरी ती सापडत नाही. शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्या माणसाला शिधादुकानावर जो त्रास होतो, तोही ह्या गणिताच्या कक्षेबाहेरचा. अंकांची बाजू पक्की आहे म्हणून माणसांची बाजू आपोआप पक्की होते, असे समजणाऱ्या कारकुनास हे सांगणे अवश्य आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. पहिले आठ अंक झाकून केवळ शेवटचे चार दाखविणारे आधारपत्र आता मिळते, आणि जेथे चालत असेल तेथे तेच द्यावे. झाकलेल्या आठ अंकांसाठी वरवर पाहता आठ कोटी शक्यता आहेत. परंतु उघड्या चार अंकांत पडताळ्याचा अंकही असल्यामुळे त्या दहापटीने घटून ८० लाख उरतात. राखणदार उघडा राहिला की तोही थोडे बोलतो. तरी ८० लाखांचा पडदा लहान नव्हे. क्रमांक तोंडी सांगण्याची वेळ आलीच, तर ‘पंचवीस, त्रेपन्न’ असे न म्हणता ‘दोन, पाच, पाच, तीन’ असा एकेक अंक चाराचाराच्या गटाने सांगावा.

आपल्या स्वतःच्या आधार क्रमांकावर कागद-पेन्सिल घेऊन हा प्रयोग करून तो कागद इकडेतिकडे टाकू नये, हे सांगावयास नको. मुलांना हौस असेल, तर घरातील एखादे नवे पुस्तक घ्यावे. त्याच्या पाठीवरील तेरा अंकांपैकी पहिला, तिसरा, पाचवा असे अंक तसेच ठेवावेत, दुसरा, चौथा, सहावा असे अंक तिप्पट करावेत, आणि साऱ्यांची बेरीज करावी. ती दहाच्या पाढ्यात येईल. मग त्या तेरा अंकांत शेजारी-शेजारी २ आणि ७, किंवा ३ आणि ८, अशी पाचाच्या अंतराची जोडी कोठे आहे का ते शोधावे. सापडली, तर ती उलटून लिहावी आणि बेरीज पुन्हा करावी.